ढेकळ्याचं पोतं

३ ऑगस्ट

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, कुत्र्याचं सगळं वेळेसकट लिहून ठेवा, म्हणून ही वही. नर्सरीच्या बियाण्यांच्या नोंदीची आहे, मागची अर्धी कोरी होती. तीस वर्षं फळ्यावर सुंदर अक्षर काढलं आणि आज हे असले कोंबडीचे पाय.

सकाळी सव्वानऊ. दादा रिकाम्या कुंड्यांच्या चळतीतून मोठी कुंडी काढायला वाकला होता. ढेकळ्या त्याच्या आणि चळतीच्या मध्ये घुसला आणि भुंकत सुटला. दादाने त्याला पायाने बाजूला सारलं, तो परत मध्ये. मी पाणी घालत होते, तिथूनच ओरडले, "गप्प बस रे." कुत्र्यालाच ओरडले. तेवढ्यात चळतीच्या बुडातून ते आलं, त्याच्या नाकावर डसलं आणि भिंतीच्या भोकात गेलंसुद्धा. पापणी लवायच्या आत. मी तिथेच उभी, हातातला पाइप माझ्याच चपलांवर वाहतोय.

मी पदर फाडायला निघाले, बांधायला. दादा म्हणाला, "नाकाला काय बांधणार आहेस?" फोनवर डॉक्टरीण बाई म्हणाल्या, बांधू नका, चिरू नका, बर्फ लावू नका, चालवू तर मुळीच नका, उचला आणि या. दादाने पोत्यात गुंडाळून उचललं.

९.४०. दवाखाना. तोंड भोपळ्याएवढं, एक डोळा दिसेना. बाईंनी त्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि उभं करून ठेवलं. म्हणाल्या, वीस मिनिटांत गोठायला हवं. मी वीस मिनिटं नळीकडे बघत होते. वीस मिनिटांनी त्यांनी ती तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं एका बाजूला आलं.

मग विषावरचं औषध, सलाईनमधून. साडेचारला परत नळी. या वेळी तिरकी केली तरी आतलं जागचं हललं नाही. बाई दिवसभरात पहिल्यांदा खुर्चीत बसल्या.

जिथे नाक होतं, तिथे दादाचा हात असता. हे मी लिहिलंय खरं, पण डोक्यात शिरत नाहीये.

७ ऑगस्ट

घरी आणला. दूध प्यायला, माझ्या साडीवर सांडलं, सांडू दिलं.

डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितलं: कुत्र्यांना बहुतेक वेळा नाकावर नाहीतर पुढच्या पायावर चावतं, कारण ती बघायला जातात, आणि बघून झालं की तिथेच उभी राहून भुंकतात. अर्ध्या तासाच्या आत आणलंत म्हणून वाचला. दुसऱ्या वेळी वाचेलच असं नाही.

दुसरी वेळ. मला हा शब्दच सहन होत नाही. आज पाण्याचा पाइप बघून किंचाळले. दादा हसला नाही. तोही कुंडी उचलण्याआधी काठीने वाजवून बघतोय. तो त्याचं नाव घेत नाही, 'लांबडं' म्हणतो. मी तेवढंही म्हणत नाही.

१४ ऑगस्ट

आठवडाभर नर्सरी उलटीपालटी केली. कुंड्यांच्या चळती लोखंडी स्टँडवर चढवल्या. गवत बोटभर ठेवलं. पक्ष्यांचे दाणे पत्र्याच्या डब्यात, म्हणजे उंदीर नकोत, आणि उंदीर नाहीत तर ते नको. भिंतीची भोकं सिमेंटने बुजवली. गेटाखाली बारीक जाळी. दादाचं कलमाचं टेबल तेवढं तसंच राहिलं. त्याखालच्या खोक्यांना हात लावायचा नाही, पट्ट्या, चाकू, काड्या सगळं त्याच्या हाताच्या सवयीचं आहे म्हणे. दिवसाला शंभर गुलाबांना कलमाचे डोळे बांधतो तो, अंगठ्याने साल दाबून, न बघता. त्या टेबलाशी मीही वाद घालत नाही.

पण कुंपण घालून काय होतंय? कुत्रा घालता येत नाही ना डब्यात. कुत्र्यालाच शहाणं करायला हवं.

२० ऑगस्ट

सर्पमित्र आला. वाळकं माणूस, स्कूटरवर, शब्द मोजून बोलतो. त्याने कात आणली आणि जाळीच्या झाकणाचा एक डबा. डब्यात काय होतं ते मी बघितलं नाही. मी दुसऱ्या टोकाला कढीलिंबाआड उभी होते आणि तिथूनच शिकवत होते. दादाने नंतर माझी नक्कल करून दाखवली.

पद्धत सोपी आहे. वास आला की मागे फिरायचं आणि आमच्या खोलीच्या पायरीवर जाऊन पोत्यावर बसायचं, त्याला ज्यात गुंडाळून नेलं त्याच पोत्यावर. बसला की बिस्कीट. भुंकला तर बिस्कीट नाही. हा भाग माझा. भुंकणारा कुत्रा तिथेच थांबतो आणि मरतो, बाईंनीच सांगितलंय. तेव्हा ओठांवर बोट, "गप्प", पोतं, बिस्कीट. साठ पोरांचा वर्ग टाचणी पडली तरी ऐकू येईल असा गप्प बसवला मी, हा तर एकटा आहे.

पहिल्या दिवशी सतरा वेळा भुंकला. सतरा वेळा उपाशी.

५ सप्टेंबर

बारापैकी बारा वेळा सरळ पोत्यावर. हूं नाही की चूं नाही. सर्पमित्राने डबा तीन ठिकाणी लपवला, तिन्ही वेळा. मला रडू आलं. सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभातही आलं नव्हतं.

दादा म्हणाला, "काय गं धाकटे, प्रगतिपुस्तक देणार का आता?" दिलं. वहीच्या पानावर लिहून दिलं. शिस्त: उत्तम.

जाताना सर्पमित्राने विचारलं, "तो पोत्यावर बसला की तुम्ही काय करता?"

"बिस्कीट देते."

"बरोबर. आणि पुढे?"

पुढे काय, शाबासकी. तो थोडा वेळ उभा राहिला, हेल्मेट हातात फिरवत, मग फोन वाजला आणि गेला. विचित्र माणूस आहे. तसल्या जनावरांबरोबर राहून बोलायची सवय गेली असेल.

१७ सप्टेंबर

शिकवणी सुरू! गुलाबं घ्यायला येणाऱ्या बाई (त्यांना आम्ही गुलाबवाल्या बाईच म्हणतो) ढेकळ्याला बघून गेल्या आणि रविवारी आपला पांढरा लोकरीचा गोळा घेऊन हजर. मग कोपऱ्यावरचा शिंपी, मग आणखी तिघं. पाच कुत्री, पाच पोती, सर्पमित्राचा डबा. लोकरीचा गोळा सगळ्यात हुशार. शिंप्याचा काळू भुंकण्यात पटाईत, त्याला जादा तास घ्यावा लागणार.

गुलाबवाल्या बाई म्हणाल्या, घरी सासरे दिवसभर बागेत असतात, सोबतीला हा. हा वाचला म्हणजे झालं, त्यांचा जीव आहे याच्यावर.

पहिल्या दिवसापासून आज पहिल्यांदा छातीवरचं ओझं हललं. मी काहीतरी केलं. नुसती पाइप धरून उभी राहिले नाही.

१ ऑक्टोबर

पाचही पास. काळूसुद्धा. रविवारी सकाळी सहा कुत्री सहा पोत्यांवर, आणि आवाज फक्त चिमण्यांचा. दादा चहा घेऊन आला, बघत राहिला. म्हणाला, "एवढी शांतता बरी नाही वाटत गं." त्याला माझ्या वर्गाबद्दलही असंच वाटायचं.

९ ऑक्टोबर

ढेकळ्याला बिस्किटाची चटक लागलीय. सकाळपासून चार वेळा आपणहून पोत्यावर. डबा नाही, सर्पमित्र नाही, काही नाही. पहिल्या दोन वेळा दिलं, नंतर नाही दिलं. दादा म्हणतो, लाडावून ठेवलंयस.

१० ऑक्टोबर

आज तर दिवसभर तिथेच. नाटकी कुठला. शेवटी दया येऊन बिस्कीट तोंडासमोर धरलं तर खाल्लं नाही, कलमाच्या टेबलाकडे बघत बसला. दादा तिथे काम करत होता. त्याला वाटलं असेल दादा देईल. पोट बिघडलंय बहुतेक, उद्या बाईंना दाखवते.

११ ऑक्टोबर

सकाळी आठला पोतं धुवायला घेतलं. म्हटलं पोतंच नसेल तर बसेल कुठे. धुऊन तारेवर टाकलं. ढेकळ्या पायरीवर, ओल्या फरशीवर जाऊन बसला, पोतं असायचं तिथेच. मी म्हटलं, "ऊठ, नाटकं पुरे." उठला नाही. मला राग आला. हो, राग आला, लिहायलाच हवं. मी त्याच्याकडे पाठ केली.

साडेआठला दादाने टेबलाखालच्या खोक्यात पट्टीचं बंडल काढायला हात घातला. न बघता.

तो ओरडला नाही. नुसता म्हणाला, "धाकटे." मी वळले तर त्याचा उजवा अंगठा त्याने डाव्या हाताने धरला होता आणि चेहरा पांढराफटक.

ढेकळ्या फरशीवर बसला होता. गप्प.

१२ ऑक्टोबर

दवाखाना. माणसांचा. बांधलं नाही, चिरलं नाही, चालवलं नाही, शिंप्याच्या गाडीतून आणला. सगळं पाठ होतं मला, कुत्र्यावर शिकलेलं.

काल टेबलावर नळी होती. तशीच काचेची. नर्सने उभी करून ठेवली आणि दुसऱ्या कामाला गेली. मी भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं मोजली. ती यायच्या आधीच मला कळलं होतं, टेबलाला धक्का लागला तेव्हा आतलं हललं.

दुपारी हललं. संध्याकाळी हललं. आज सकाळी सहाला हललं नाही.

दादाच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, ते थांबलं. हात कोपरापर्यंत सुजलाय. जगेल म्हणाले. मी खुर्चीत बसले.

१४ ऑक्टोबर

अंगठ्याचं वरचं पेर काळं पडलंय, ते काढावं लागणार. डॉक्टर पंचविशीतले, समजावून सांगत होते की रोजची कामं जमतील, बटण लावता येईल, पेन धरता येईल. दादा शांतपणे ऐकून घेत होता. मग त्याने विचारलं, "गुलाबाची साल दाबून धरता येईल?" डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही.

मला कळला. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात रडले.

सर्पमित्राने टेबलाखालून काढलं ते. म्हणाला, खोक्यामागे उंदराचं बीळ होतं, दोन-तीन दिवस तरी मुक्काम असावा. मी म्हटलं, मग कुत्र्याला कसं कळलं नाही? बारापैकी बारा होते त्याला.

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही विषय सोडला.

१६ ऑक्टोबर

काल ऑपरेशन झालं. आज दादा शुद्धीवर, पट्ट्यांचं गाठोडं उशीवर ठेवलेलं. मग म्हणाला, "तो बसला होता, धाकटे. तीन दिवस. मी बघत होतो. मला वाटलं, बिस्कीट."

मीही बघत होते. नऊ तारखेचं पान काढून वाचलं, दहाचं वाचलं. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. नाटकी कुठला. पाठ केली. त्याने तीन दिवस पेपर लिहून दिला आणि मी तपासला नाही. आणि मग पोतं काढून घेतलं.

ऑगस्टमध्ये तो भुंकला म्हणून दादाचा हात वाचला होता. ते भुंकणं मी सतरा वेळा उपाशी ठेवून घालवलं. त्याला वाचवायला. त्याला वाचवायलाच, देवाशप्पथ. सर्पमित्र विचारत होता, आणि पुढे? पुढे माणसांनी उठायचं होतं. तो पोत्यावर गेला की आम्ही सगळ्यांनी तिथून निघायचं होतं. एवढी साधी गोष्ट मला कळली नाही, आणि मी शिकवत होते.

हे लिहिता लिहिता आठवलं. पाच कुत्री. पाच घरं.

१६ ऑक्टोबर, दुपार

दवाखान्यातून तशीच निघाले. दादाला सांगितलं, तो म्हणाला, पळ.

शिंप्याकडे आधी गेले, तो जवळ. विचारलं, काळू पोत्यावर बसला की तुम्ही काय करता? तो शिलाई थांबवून कौतुकाने म्हणाला, बिस्कीट देतो की. मी म्हटलं, बिस्कीट नंतर, आधी बायकोमुलांना घेऊन बाहेर पडायचं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. पुढच्या दोन घरी तेच, त्याच शब्दांत. बिस्कीट देतो. चौथ्या घरी कुणी नव्हतं, दारावर चिठ्ठी चिकटवली, मोठ्या अक्षरात, दोन वेळा अधोरेखित.

गुलाबवाल्या बाईंचं घर सगळ्यात लांब. बाई दारातच भेटल्या, हसतमुख. दादाची चौकशी केली. मग म्हणाल्या, "तुमचा विद्यार्थी बघा, किती शहाणा. सकाळपासून पोत्यावर बसून आहे, जेवायलासुद्धा उठला नाही."

मी विचारलं, सासरे कुठे आहेत?

"बागेत. गुलाबांना पाण्यासाठी आळी करताहेत."

मी त्यांना बाजूला ढकलून आत गेले. खरंच ढकललं, त्या कठड्यावर आपटल्या. मागच्या अंगणात म्हातारबाबा उकिडवे बसले होते, खुरपं बाजूला टाकून हातानेच पालापाचोळा ओढत होते, आणि पायरीवर तो लोकरीचा गोळा, ताठ, त्यांच्या पाठीकडे बघत. हूं नाही की चूं नाही. माझा उत्तम विद्यार्थी.

मी आयुष्यात कधी वर्गात आवाज चढवला नाही. आज चढवला. ओरडले, बाबा, हात वर, जागचे हलू नका. त्यांना कमी ऐकू येतं. तरी ते दचकले आणि दोन्ही हात वर करून बसले, शिक्षा केल्यासारखे. मी मागून जाऊन काखेत हात घातला आणि ओढत पायरीवर आणलं. ते मला शिव्या देत होते. त्या ऐकून मला इतकं बरं वाटलं.

सर्पमित्र अर्ध्या तासात आला. ज्या पाल्यात बाबांचा हात चालला होता, त्यापासून वीतभर पुढे, उपड्या टोपलीखाली वेटोळं घालून बसलेलं होतं. या वेळी मी बघितलं. कढीलिंबाआड गेले नाही. जाड, तपकिरी, ठिपक्यांचं. पाल्यात पाल्यासारखंच.

बाई पायरीवर मटकन बसल्या. त्यांच्या कोपराला खरचटलं होतं, त्याचं मी नंतर माफी मागून औषध लावलं. त्या एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, मी त्याला सकाळी तीन बिस्किटं दिली हो.

मी सांगितलं, आमच्याकडेही तेच झालं.

२३ ऑक्टोबर

दादा घरी आला. ढेकळ्याने त्याचा पट्टीवाला हात हुंगला आणि मग तोंड फिरवलं, औषधाचा वास आवडला नसेल. दादा म्हणाला, बघ, माझ्यावर रुसलाय. मी म्हटलं, रुसायचं तर माझ्यावर रुसेल. आम्ही दोघं बराच वेळ त्याच्याकडे बघत होतो आणि तो आपली शेपूट चावत होता. त्याच्या मनात काही नाही. हेच जास्त लागतं.

भुंकणं परत यावं म्हणून प्रयत्न करून पाहिला. कात ठेवली, म्हटलं भुंक, दोन बिस्किटं देते. तो माझ्या तोंडाकडे बघतो आणि पोत्यावर जाऊन बसतो. गेटावर कुणी आलं तर भुंकतो. त्या वासाला मात्र नाही. नीट शिकवलंय मी.

५ नोव्हेंबर

दादा स्टुलावर, मी टेबलाशी. तो सांगतो आणि मी डोळे बांधते. खुंटाच्या सालीला चीर द्यायची, डोळा आत सरकवायचा, अंगठ्याने दाबून पट्टी फिरवायची. माझे पहिले वीसही वाळले. दादा म्हणाला, "घाबरतेस काय, झाड आहे, विद्यार्थी नाही." मग स्वतःचा अर्धा अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवून दाब किती द्यायचा ते दाखवलं. त्याला दुखत असणार.

दुसऱ्या खेपेच्या वीसपैकी सहा हिरवे राहिलेत. सहा.

१९ नोव्हेंबर

सकाळी साडेदहा. सातवा डोळा बांधत होते, पट्टीचा एकच वेढा झालेला. ढेकळ्या टेबलाखालून उठला, अंग झटकलं, आणि पायरीकडे चालत गेला. पोत्यावर बसला. आमच्याकडे बघायला लागला.

मी दादाकडे बघितलं. दादा आधीच उभा राहिला होता. मी चाकू खाली ठेवला, डोळा तसाच सोडला, आणि आम्ही दोघं जाऊन त्याच्या शेजारी बसलो. कलिंगडाची रोपं घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक गेटात उभं होतं, त्याला हाताने थांबवलं. त्याला वाटलं असेल, दोन म्हातारी माणसं आणि एक कुत्रं फोटो काढायला बसलीत.

फोन केल्यावर सर्पमित्र आला. टेबल, खोकी, चळती, भिंत, सगळं एक तास हुडकलं. एक बेडूक निघाला. म्हणाला, काही नाही, उठा.

आम्ही ढेकळ्याकडे बघितलं. तो बसलेला होता. आम्हीही बसून राहिलो. सर्पमित्र हेल्मेट काढून समोरच्या कट्ट्यावर बसला.

साडेबाराला ढेकळ्या उठला, आळस दिला, पाणी प्यायला गेला. मग आम्ही उठलो. सातवा डोळा वाळला होता, तो काढून टाकला.

पोत्यावर तिघांना जागा पुरत नाही, माझा एक पाय पूर्ण वेळ फरशीवर होता. उद्या शिंप्याकडून दोन पोती जोडून शिवून आणते.